आण्णांचा खांदा

आमच्या घरात शिरताना उजव्या हाताला जी भिंत लागते, तिच्यावर दोन तऱ्हेच्या रेघा आहेत. एक रांग पेन्सिलीची. ती माझ्या उंचीची. पहिलीपासून सातवीपर्यंत दर पाडव्याला आण्णा मला त्या भिंतीला पाठ लावून उभं करायचे, डोक्यावर पट्टी टेकवायचे आणि रेघ मारून शेजारी इयत्ता लिहायचे. दुसरी रांग कोळशाची. तिच्याशेजारी इयत्ता नाही, तारखा आहेत. घरी पाहुणा आला की त्याची नजर तिथं जाते. "ह्या रं कुणाच्या?" असं तो विचारतो. आई तोंडाला पदर लावून हसते आणि म्हणते, "ह्यास्नी पुन्यांदा वाढवाय लागलोय आमी."

त्या कोळशाच्या रेघांची ही हकीकत आहे. ती सांगताना माझी एक चूकही सांगावी लागणार आहे. खरं म्हणजे दोन चुका.

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. आण्णा आठवीत नापास झाले, आई चौथीपर्यंत शिकली. पंधरा गुंठे रान आहे, त्यात ऊस आहे. पण त्यावर घर चालत नाही. आण्णा एका फौंड्रीत कंत्राटावर कामाला आहेत. ज्या दिवसाची हजेरी, त्या दिवसाचा पगार. पूर्वी ते साच्याच्या पेट्या उचलायचे. अलीकडं घासकामाच्या यंत्रापुढं उभं राहून ओतीव मालाच्या कडा घासतात. आठ तास एका जागी उभं राहायचं, तोंडाला फडकं बांधायचं, आणि घरी येताना भुवयांत काळी वाळू घेऊन यायचं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या प्रवेशाच्या दिवशी रात्रपाळी करून ते तसेच कॉलेजवर आले. फीचे पैसे त्यांच्या खिशात होते. अंगावर तेच कपडे, भुवयांत तीच वाळू. माझी नुकतीच ओळख झालेल्या एका मित्रानं विचारलं, "हे कोण रे?" मी म्हणालो, "आमच्या गल्लीतले आहेत."

आण्णा नोटीस बोर्डाजवळ उभे होते. त्यांनी ऐकलं की नाही, हे मी आजवर विचारलेलं नाही. येताना गाडीवर ते एवढंच म्हणाले, "कालेज चांगलं हाय. झाडं लई हाईत." ही माझी पहिली चूक.

गेल्या वर्षी जूनमध्ये गावात तपासणीचं शिबिर झालं. त्यात आण्णांची साखर सापडली. उपाशीपोटी १९२. वय सेहेचाळीस. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "गोळ्या घ्याच, पण रोज चाला आणि अंगातली ताकद वाढवा." आण्णांना हसू आलं. "सायेब, दिसभर ताकदच लावतोय की!"

डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. आपण जेवतो त्यातली साखर साठवून ठेवणारं मोठं कोठार म्हणजे आपले स्नायू. तिशीनंतर माणसाचे स्नायू दर दहा वर्षांला शेकडा तीन ते आठ या हिशेबानं आटत जातात. साठीनंतर आणखी झपाट्यानं. कोठार लहान झालं, की धान्य अंगणात सांडतं. तशी साखर रक्तात सांडते. दिवसभर एका जागी उभं राहून तेच ते काम करण्यानं अंग झिजतं, कोठार वाढत नाही. ते वाढवायचं तर स्नायूंना ठरवून, थोडंथोडं वाढतं ओझं द्यावं लागतं.

त्या रात्री आण्णांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. पेटीच्या तळाशी एक लांग होती. लाल रंग उडून विटकरी झालेली. आई म्हणाली, "आता गं बया! ह्या वयात?" आण्णा म्हणाले, "डाक्टरनं सांगितलंय." जणू डॉक्टरांनी लांगच लिहून दिली होती!

आण्णा पैलवान होते, हे मला माहीत होतं. पण राजे-महाराजे होऊन गेले हे जसं माहीत असतं, तसं. आमच्या दाराला टेकण म्हणून जो मुद्गल लावलेला असतो, तो त्यांच्या जोडीतला. त्याचा जोडीदार कुठं गेला कुणास ठाऊक. आसपासच्या गावांच्या जत्रांतून ते लढायचे. नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात करून चांगल्या इनामाच्या जोडीपर्यंत पोचले होते. चोविसाव्या वर्षी आजोबा गेले. घरात दोन बहिणी लग्नाच्या. दूध, तूप, बदाम यांचा खुराक बंद झाला आणि खुराक बंद झाला तशी तालीमही. "तालीम आपण सोडत न्हाई, खुराक सोडला की तालीमच आपल्याला सोडती," असं ते म्हणतात.

आमच्याकडं कुस्ती ही काही नुसती करमणूक नव्हे. कागलच्या घाटगे घराण्यातला मुलगा दत्तक जाऊन कोल्हापूरच्या गादीवर बसला आणि राजर्षी शाहू महाराज झाला. त्यांनी १९०२ साली युरोपच्या दौऱ्यात रोमचं प्राचीन क्रीडागार पाहिलं आणि पुढं कोल्हापुरात खासबागेचं मैदान बांधलं. १९१२ साली ते पुरं झालं. हौद मध्ये आणि भोवती चढत जाणारी बैठक, म्हणजे शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसावी. त्याच महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात विद्यार्थ्यांची वसतिगृहं उघडायला सुरुवात केली आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत केलं. एका हातानं तालीम आणि एका हातानं शाळा. आमच्या घरात मात्र या दोन गोष्टींची गाठ पडायला शंभर वर्षं जावी लागली.

तर आण्णा तालमीत गेले. पहिल्या दिवशी मी बरोबर गेलो, कारण आईनं पाठवलं. पहाटेचे पाच. दारातच तांबड्या मातीचा, तेलाचा, ताकाचा आणि कापराचा वास आला. भिंतीवर मारुतीराया, शाहू महाराज, १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे, १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर. खंचनाळे तर आमच्या सीमेपलीकडच्या एकसंब्याचे, म्हणजे शेजारचेच. त्या फोटोंखाली पंधरा-सोळा वर्षांची पोरं घामानं न्हाऊन जोर मारत होती. आण्णांनी सदरा काढला. सुटलेलं पोट, उतरलेले दंड. एक पोरगं दुसऱ्याच्या कानात काही बोललं आणि दोघं हसली. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

वस्तादांनी आता सत्तरी ओलांडली आहे. आण्णांना त्यांनीच घडवलेलं. त्यांनी आण्णांच्या दंडाला हात लावून पाहिला, जसा बाजारात बैलाला लावतात तसा.

"काय करतोस?"

"फौंड्रीत हाय. राबतोय की वस्ताद."

"राबणं निराळं, म्हेनत निराळी. राबताना अंग दुसऱ्यासाठी खर्चायचं. म्हेनत करताना सोतासाठी साठवायचं. वीस जोर, चाळीस बैठका. म्हैनाभर एक सुदीक वाढवायचा न्हाई."

महिनाभर आण्णांनी ऐकलं. मी रोज बरोबर जाऊ लागलो. पायरीवर बसून, बल्बाच्या उजेडात पुस्तक वाचायचो. बी. ए. ला मराठी घेतलेल्या कागलच्या पोराला आनंद यादवांची 'झोंबी' चुकत नाही. १९८७ साली आलेली, १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली आणि आमच्याच गावच्या मातीतली. शाळेसाठी बापाशी झोंबणाऱ्या पोराची ती गोष्ट. मी विचार करायचो, मला तर बापाशी झोंबावं लागलं नाही. उलट माझ्या शाळेसाठी बापच जगाशी झोंबतोय. मग त्याला 'गल्लीतले' म्हणणारा मी कोण?

दीड महिन्यानं साखर तपासली. १९२ ची १३८ झाली होती. जोर चाळीसवर गेले होते. आण्णांची चाल बदलली. गैबी चौकातून जाताना खांदे मागं आणि छाती पुढं येऊ लागली. जुने गडी हाक मारू लागले, "काय पैलवान!" त्या हाकेसरशी त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटायचं, ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. आईनं दूध अर्ध्या लिटरनं वाढवलं आणि स्वतःचा चहा कोरा केला. कुणाला सांगितलं नाही.

आता दुसरी चूक.

गणपती गेल्यानंतरचा रविवार होता. तालमीत पोरांची चढाओढ चालली होती. कोपऱ्यात एक मोठा मुद्गल असतो. वीसेक किलोचा असेल. तो एका हातानं डोक्यामागून फिरवायचा. पोरं सहा-सातवर दमत होती. कुणीतरी म्हणालं, "काका, तुमी किती मारायचा?" आण्णा म्हणाले, "पन्नास मारायचो, लेकानू." पोरं हसली. आण्णांनी वस्तादांच्या जागेकडं पाहिलं. वस्ताद त्या दिवशी परगावी गेले होते.

मी मोबाईल काढला. खरं सांगायचं तर मला वाटलं, ही चित्रफीत मी कॉलेजात दाखवीन. बघा, माझे वडील! वाळूनं माखलेले नव्हेत, पैलवान! दोन वर्षांपूर्वीचं माझं ते वाक्य या एका चित्रफितीनं पुसलं जाईल, असा माझा हिशेब होता.

आण्णांनी मुद्गल उचलला. एक, दोन, तीन... पोरं मोजू लागली. दहाव्याला त्यांचा श्वास लागला. अकराव्याला मुद्गल जरा कलला. ते थांबणार होते. मला दिसलं होतं की ते थांबणार आहेत. आणि मी ओरडलो, "आण्णा, अजून पाच!"

बाराव्या फेरीला मुद्गल डोक्यामागं गेला आणि तिथून वर आलाच नाही. ओली चिंधी फाटावी तसा आवाज झाला, असं आण्णा नंतर सांगायचे. मला आवाज आला नाही. मला फक्त मुद्गल मातीत पडलेला दिसला आणि आण्णा उजवा खांदा डाव्या हातानं धरून हसत असलेले दिसले. होय, हसत! पैलवानाची ती जुनी सवय. दुखलं तरी समोरच्याला कळू द्यायचं नाही.

त्यांनी आम्हालाही कळू दिलं नाही. आठवडाभर तसेच कामावर गेले. मग एका हाडवैद्याकडं गेले. त्यानं तेल लावून हात ओढला. त्या रात्री आण्णांना कुशीवर वळता येईना. पहाटे तीनला मी जागा झालो, तर ते अंधारात भिंतीला टेकून बसले होते आणि उजवा हात मांडीवर असा ठेवला होता, की जणू तो दुसऱ्या कुणाचा तरी आहे.

कोल्हापूरला नेलं. एमआरआय काढला. त्यासाठी आईच्या कानातलं एका जागी ठेवावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, खांद्याची वाटी उथळ असते. तिच्यात दंडाच्या हाडाचा गोळा जागेवर धरून ठेवण्याचं काम चार लहान स्नायू करतात. त्यांतल्या वरच्या स्नायूची कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी बांधणारी दोरी, अर्धवट फाटली आहे. शस्त्रक्रिया नको, पण व्यायाम नेमानं हवा. निदान बारा आठवडे. घासकाम बंद. आणि साखरेच्या रोग्याचा खांदा आखडून बसण्याची भीती जास्त असते, म्हणून हात गळ्यात बांधून नुसतं बसूनही चालायचं नाही. ओढायचं नाही आणि निजवायचंही नाही. मधला रस्ता धरायचा.

बारा आठवडे म्हणजे बारा आठवड्यांची हजेरी. त्या रात्री मी आईला म्हणालो, "मी कॉलेज सोडतो. आण्णांच्या जागेवर जातो. ठेकेदार नाही म्हणायचा नाही." आई काही बोलली नाही. याचा अर्थ तिनं तो हिशेब आधीच करून पाहिला होता. आण्णा पलीकडच्या खोलीत जागे होते. तिथूनच म्हणाले, "हिकडं ये."

मी गेलो. अंधारच होता.

"तालमीत म्या कशापायी गेलो म्हाईत हाय?"

"साखर होती म्हणून."

"साखर हुतीच. पर म्या इसाब केला. तुजं हे कालेज, म्होरं आनी दोन वर्सं, मग नोकरी लागंस्तवर आनी काय ती. धा-बारा वर्सं ह्ये अंग टिकाय पायजे. त्यासाठनं गेलो. आता तूच कालेज सोडलास, तर मग म्या त्यो मुद्गल कशाला उचलला?"

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आण्णा, अजून पाच म्हणून मी ओरडलो. माझ्यामुळं झालं." बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, "तू वरडलास, पर उचलायचं का न्हाई ते म्या ठरवायचं हुतं. मनाला वाटलं आपून बाविशीतच हाय. खांदा म्हनला, न्हाई, शेचाळिशीत हाय."

मी कॉलेज सोडलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत मात्र एकवीस दिवस त्याच घासकामावर गेलो. पहिल्या दिवशी घरी आलो आणि आरशात पाहिलं, तर माझ्या भुवयांत काळी वाळू होती. दोनदा साबण लावला तरी ती जात नाही. हे मला दोन वर्षांपूर्वी ठाऊक असतं, तर...

आता कोळशाच्या रेघांकडं येतो.

फिजिओथेरपीच्या ताई पंचविशीच्या असतील. त्यांनी आण्णांना व्यायाम दिले ते पाहून आण्णांचा चेहरा उतरला. ओणवं होऊन हात लोंबता सोडायचा आणि त्याला हलका झोका द्यायचा. भिंतीवर बोटांनी पावलं टाकत हात वर न्यायचा. हाताची पाठ भिंतीला लावून न हलवता दाबायची. पुढं खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून, काखेत टॉवेलची घडी धरून तो ओढायचा. आणि सगळ्यांत शेवटी, म्हणजे दोन महिन्यांनी, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली उचलायची. वीस किलोचा मुद्गल फिरवणाऱ्या माणसाला पाण्याची बाटली! बाहेर आल्यावर आण्णा म्हणाले, "बारक्या पोरांचा ख्योळ हाय ह्यो."

ताई आणखी एक विचारायच्या. "काका, दुखणं दहापैकी किती?" आण्णांचं उत्तर ठरलेलं, "काय न्हाई." एके दिवशी त्या हातातला कागद बाजूला ठेवून म्हणाल्या, "काका, तुम्ही शून्य सांगितलंत की मी ओझं वाढवणार. खरं शून्य नसेल, तर पुन्हा फाटणार. तीनपर्यंत दुखलं आणि सकाळपर्यंत थांबलं तर चालेल. त्यावर गेलं तर एक पायरी खाली यायचं. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतो. कंडरेला रक्त कमी, तिला महिने लागतात. तालमीत तुमचा दंड पुढं गेला आणि दोरी मागं राहिली. आता दोरीच्या चालीनं चालायचं."

आण्णांनी खाली पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "सा." मी एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या वडिलांच्या तोंडून त्यांचं दुखणं किती आहे ते ऐकलं.

तेव्हापासून मोजायचं काम माझ्याकडं आलं. रोज दोन वेळा. भिंतीवर बोटं चढायची, जिथं थांबतील तिथं मी कोळशानं रेघ मारायची आणि तारीख घालायची. पहिली रेघ ३ ऑक्टोबरची. ती माझ्या 'इ. ४ थी'च्या रेघेला चिकटून आहे. आण्णांनी ती पाहिली आणि म्हणाले, "चौथीत हाय म्हन की म्या!"

पाचवीच्या रेघेपाशी गाडं अडलं. एकोणीस दिवस एकाच जागी. एके संध्याकाळी आण्णांनी रबरी पट्टा काढून अंगणात फेकला. "काय उपेग न्हाई ह्येचा." मी तो उचलून आणला, पण काय बोलावं सुचेना. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात बसून मोबाईलवर शोधत राहिलो. मिळालं ते असं. १९९० साली अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या दहा माणसांना संशोधकांनी पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला. माणसं नव्वदीच्या आसपासची, अशक्त. ज्यांनी आठ आठवड्यांचा तो व्यायाम पुरा केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेदोनशे टक्क्यांच्या घरात वाढली. मी हे जेवताना वाचून दाखवलं. आण्णांचा घास हातातच राहिला.

"नव्वदीची?"

"होय."

"म्हातारी मानसं?"

"होय, आण्णा."

"मग म्या तर अजून पोरगाच हाय की रं!" ते म्हणाले आणि जेवण झाल्यावर स्वतःच पट्टा गजाला बांधायला उठले.

त्याच दिवसांत मी त्यांना खाशाबा जाधवांची हकीकत सांगितली. नाव त्यांना माहीत होतं. कुठल्या पैलवानाला नसेल? १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. पण त्यांना ठाऊक नव्हतं ते हे, की खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते आणि त्यांना पाठवण्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असं सांगतात. आण्णांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग पट्टा ओढता ओढता म्हणाले, "एका कालेजच्या सायबानं पैलवानापायी घर गहान टाकलं. मग एका पैलवानानं कालेजापायी खांदा गहान टाकला, तर काय बिघडलं?"

आई आतून म्हणाली, "खांदा सुटंल. माजं कानातलं सुटतंय का बगा आधी." आम्ही तिघंही हसलो. कित्येक दिवसांनी घरात हसू फुटलं होतं.

त्यानंतर रेघा वर चालल्या. डिसेंबरात त्या सातवीच्या रेघेच्या वर गेल्या. तिथून पुढं भिंत मोकळी होती, आण्णांना आता माझी सोबत नव्हती. बाराऐवजी चौदा आठवडे लागले. जानेवारीत ते कामावर गेले, ओतीव माल मोजून नोंदवायच्या जागेवर. हजेरी थोडी कमी मिळते. संक्रांतीला बोटं दाराच्या चौकटीच्या वर पोचली. त्या दिवशी मी डाव्या हाताचीही रेघ मारली. उजवी तिच्याहून चार बोटं खाली आहे. अजून खालीच आहे. ताई म्हणाल्या, कदाचित तेवढी राहील. आण्णांनी चार बोटांचं ते अंतर डाव्या हातानं मोजून पाहिलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊं दे. एवडं व्याज द्यायचंच."

महिन्यापूर्वी ते पुन्हा तालमीत गेले. वस्तादांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी आण्णांना काही विचारलं नाही. पोरांना सांगून तो मोठा मुद्गल आत उचलून ठेवायला लावला आणि म्हणाले, "भितीला हात लावून जोर. धा. म्हैनाभर." सेहेचाळीस वर्षांचा माणूस भिंतीला हात लावून जोर मारू लागला. या वेळी पोरं हसली नाहीत. एक जण शेजारी येऊन तसेच भिंतीचे जोर मारू लागला. त्याचं मनगट दुखत होतं, ते त्यानं चार महिने कुणाला सांगितलं नव्हतं.

ती चित्रफीत अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. ती मी कुणालाही दाखवली नाही आणि पुसलीही नाही. तिच्यात अकरा फेऱ्या आहेत, पोरांचं मोजणं आहे आणि मग माझा आवाज आहे. कधीकधी तो आवाज मी मुद्दाम ऐकतो. आपल्याला दुसऱ्याकडून काय हवंय, तेच आपण प्रोत्साहन म्हणून ओरडतो, हे मला त्या दोन शब्दांनी शिकवलं.

प्रवेशाच्या दिवशी ज्या मित्रानं मला "हे कोण रे?" असं विचारलं होतं, तो हा अंक नक्की वाचेल. मित्रा, मी तुला चुकीचं उत्तर दिलं होतं. नोटीस बोर्डाजवळ उभे होते ते माझे वडील.

काल पहाटे तालमीत आण्णा पहिल्यांदा जमिनीवर उतरले. मी पायरीवर बसून मोजत होतो. पुस्तक मिटलेलं होतं. पाच झाले, सात झाले. आठव्याला त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "किती झाले रं?"

"आठ."

"दुखनं दोन हाय," ते आपणहून म्हणाले. "आनी पाच मारू?"

मी म्हणालो, "नको आण्णा. आज बास."

ते उठले, हाताची माती झाडली आणि डाव्या हातानं टॉवेल मागितला. मी तो त्यांच्या उजव्या खांद्यावर टाकला.